तोळाभर शिसं, अर्धा तोळा दारू

पन्नास कॅलिबरच्या (म्हणजे नळीचं भोक अर्धा इंच असलेल्या) ठासणीच्या रायफलीत शिशाची जी गोल गोळी जाते, तिचं वजन साधारण १७७ ग्रेन असतं. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे सोनाराच्या काट्यावर एका पारड्यात ही गोळी आणि दुसऱ्यात तोळ्याचं वजन ठेवलं, तर काटा जवळजवळ मध्येच राहील. शिकारीसाठी या गोळीमागे जी दारू भरतात (इथून पुढे दारू म्हणजे बंदुकीची काळी दारू), ती बहुतेक वेळा ७० ते ९० ग्रेनच्या दरम्यान असते. नव्वद ग्रेन म्हणजे बरोबर अर्धा तोळा.

तोळाभर शिसं आणि अर्ध्या तोळ्याच्या आतबाहेर दारू, एवढाच ऐवज. तरीही नवा माणूस ठासणीची रायफल विकत घेतो तेव्हा सगळ्यांत जास्त गोंधळतो तो इथेच. किती दारू भरायची? जास्त भरली तर गोळी जास्त जोरात जाईल, मग जास्तच का भरू नये? या प्रश्नाचं उत्तर मला फार महागात मिळालं. तुम्हाला ते स्वस्तात मिळावं म्हणून हा लेख.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. अठराव्या शतकात याच राज्यात, लँकेस्टरच्या आसपास, जर्मनीहून आलेल्या कारागिरांनी लांब नळीची अमेरिकन रायफल घडवली. आजही इथे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, साधारण २६ डिसेंबरला, हरणांचा एक खास हंगाम सुरू होतो, त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते, रंजक पेटते आणि बार उडतो. केपाची (घोडा आपटून फुटणाऱ्या टिकलीवर पेटणारी) बंदूकसुद्धा या हंगामात चालत नाही. १९७४ पासून हे चालू आहे. बर्फात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, एकच गोळी घेऊन हरणाच्या मागे जायचं. दुसरी भरायला अर्धा मिनिट लागतो, आणि हरीण काही अर्धा मिनिट थांबत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. तिथे जंगल किती उरलंय आणि जनावरं किती, हे आपण जाणतो. इथलं गणित निराळं आहे. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, राज्य सरकार दरवर्षी परवाने ठरवून देतं आणि शिकारीचं मांस घरी खाल्लं जातं. म्हणून हा लेख इथल्या शिकारीबद्दल आहे. शब्द मात्र आपलेच वापरतो, कारण ते आपल्याकडे आधीपासून आहेत. ठासणीची बंदूक कोकणात अजूनही लोकांना ठाऊक आहे. दारू ठासायचा तो गज. ज्या बारीक भोकातून आग आत जाते तो कान. कानाशी ठेवायची चिमूटभर बारीक दारू ती रंजक. आणि फुसका बार हा शब्द तर आपण राजकारणातही वापरतो. रंजक नुसती भसकन जळून जाते आणि आतली दारू पेटतच नाही, तेव्हा होतो तो फुसका बार.

आता बंदूक भरायची कशी ते बघू. नळी उभी धरायची. मापाने दारू मोजून नळीत ओतायची. तोंडावर तेल किंवा चरबी लावलेली सुती चिंधी ठेवायची, तिच्यावर गोळी आणि दोन्ही मिळून गजाने थेट दारूपर्यंत दाबत न्यायची. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते, पन्नास कॅलिबरमध्ये ०.४९० इंच. उरलेली फट चिंधी भरून काढते. नळीच्या आत पीळ कोरलेले असतात. ते पीळ शिशाला नव्हे तर चिंधीला धरतात आणि चिंधी गोळीला फिरवते. सगळी अचूकता त्या कापडाच्या तुकड्यावर अवलंबून आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दारू म्हणजे तीन जिनसा: ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. यातला सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि त्याचा आपल्याशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सगळ्यांत मोठा दारूचा कारखाना ड्यू पॉन्ट घराण्याचा, डेलावेअरमधल्या ब्रँडीवाइन ओढ्याच्या काठी १८०२ मध्ये सुरू झालेला. त्यांचा चांगला सोरा हिंदुस्थानातून यायचा, मुख्यतः बिहारमधून, कलकत्त्याच्या बंदरातून. १८६१ मध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध पेटल्यावर लॅमॉट ड्यू पॉन्ट घाईघाईने इंग्लंडला गेला तो हाच हिंदुस्थानी सोरा विकत घ्यायला. ब्रिटिश सरकारने मध्येच निर्यात अडवली तेव्हा उत्तरेच्या फौजेच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बिहारच्या नोनिया लोकांनी मातीतून खरवडून काढलेला तो सोरा इथल्या बंदुकांतून उडाला, हे आठवलं की हातातलं दारू ठेवायचं शिंग मला जरा वेगळं वाटतं.

असो. आपल्या कामाची गोष्ट अशी की ही दारू जळते तेव्हा तिचा सगळा वायू होत नाही. वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त भाग घनच राहतो: धूर, राख, काजळी. गोळी ढकलायचं काम वायू करतो. उरलेलं निम्मं वजन ओझं म्हणून बरोबर जातं, आणि तेही नळीतून बाहेर फेकायला जोर लागतोच. आधुनिक धूरविरहित दारूचं तसं नाही, ती जवळपास पूर्ण वायू होते. म्हणून काळ्या दारूत एक विचित्र गोष्ट घडते. पहिले पन्नास ग्रेन गोळीला भरपूर वेग देतात. पुढचे वीस त्याहून कमी देतात. त्यापुढचे वीस आणखी कमी. एका टप्प्यानंतर वाढवलेली दारू गोळीला फार काही देत नाही. ती धूर वाढवते, खांद्याला धक्का वाढवते आणि नळीत कीट वाढवते. नळीची लांबी ठरलेली असते, तेवढ्यात जळून घेईल ती दारू कामाची, बाकीची नळीच्या तोंडातून जाळ होऊन निघून जाते.

याचा एक ढोबळ हिशोब रायफलवाल्यांत चालतो, त्याला डेव्हनपोर्ट सूत्र म्हणतात. नळीच्या आतल्या प्रत्येक घन इंच पोकळीमागे साडेअकरा ग्रेन दारू नीट कामी येते. पन्नास कॅलिबरची २८ इंची नळी घ्या. पोकळी साधारण साडेपाच घन इंच. साडेअकराने गुणलं की ६३ ग्रेन. तीच नळी जुन्या पेनसिल्व्हेनिया पद्धतीने ४२ इंच लांब असेल तर पोकळी सव्वाआठ घन इंच, म्हणजे ९५ ग्रेन. जुने कारागीर एवढ्या लांबलचक नळ्या का बनवत, याचा एक अर्थ इथे लागतो. हे सूत्र म्हणजे भिंत नव्हे. त्यापुढे दारू घातली तर वेग वाढतोच, फक्त प्रत्येक ग्रेनमागे मिळकत कमी होत जाते.

दारू किती भरायची हे ठरवताना एक घोटाळा नेहमी होतो, तो आधी मिटवू. ग्रेन हे वजनाचं माप आहे, एका पौंडात ७,००० ग्रेन. पण काळी दारू काट्यावर तोलत नाहीत. पितळी मापाने, आकारमानाने मोजतात. माप भरायचं, बाजूला दोन टिचक्या मारायच्या, वरची जास्तीची दारू सपाट करायची. दर वेळी अगदी तसंच. पाच टिचक्या एकदा आणि एकही नाही दुसऱ्यांदा, असं केलंत तर त्या मापाला अर्थ राहत नाही.

दारूचे दाणेही वेगवेगळे असतात आणि इथली माणसं ते एफ अक्षराने सांगतात. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. टू-एफ म्हणजे जाडसर रव्यासारखा, थ्री-एफ त्याहून बारीक, फोर-एफ अगदी बारीक, तो फक्त रंजकीसाठी. नळीत मुख्य बार म्हणून फोर-एफ कधीच भरायचा नाही. बारीक दाणा लवकर जळतो आणि दाब जास्त चढवतो. साधा रिवाज असा: पंचेचाळीस कॅलिबरपर्यंत थ्री-एफ, पन्नासपासून वर टू-एफ. पण पन्नासमध्ये थ्री-एफ वापरणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच. काजळी जरा कमी होते आणि चकमकीच्या बंदुकीत बार चटकन पेटतो. फक्त टू-एफवरून थ्री-एफवर जाताना दहा ते पंधरा टक्के दारू कमी करायची. आणि कंपनी बदलली तरी पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. स्विस नावाची दारू गोएक्सपेक्षा तेज आहे, ७० ग्रेन आणि ७० ग्रेन सारखे नसतात.

आता वेगाकडे येऊ, कारण सगळा मोह तिथे आहे. गोल गोळी दिसायला सुंदर, पण हवा कापायच्या बाबतीत फार गरीब. तिला ना टोक, ना लांबी. पन्नास कॅलिबरची गोळी नळीतून सेकंदाला १,६०० फूट वेगाने निघाली, तर १०० यार्डांवर (म्हणजे ९१ मीटरवर) तिचा वेग सुमारे १,०२० फूट उरतो. १,८०० ने निघाली तर सुमारे १,०९० उरतो. २,००० ने निघाली तर सुमारे १,१७०. हे आकडे दोनदा वाचा. नळीच्या तोंडाशी ४०० फुटांचा फरक होता. हरणापाशी तो १५० वर आला. गोळी जितक्या वेगाने निघते तितकी हवा तिला जास्त मागे खेचते. म्हणजे जास्तीची दारू आधी नळीत वाया जाते, आणि जी वाया जात नाही तिच्यातली बरीच हवा खाऊन टाकते.

मग जास्त दारूने काहीच मिळत नाही का? मिळतं. गोळीचा मार्ग थोडा सपाट होतो. वरच्या दोन टोकांमध्ये १०० यार्डांवरच्या पडण्यात दोन-तीन इंचांचा फरक पडतो, आणि नेम ७५ यार्डांवर लावलेला असेल तर प्रत्यक्षात त्याहूनही कमी जाणवतो. एवढंच. या दोन-तीन इंचांसाठी अचूकता गमवायची की नाही, हा खरा प्रश्न.

माझ्या दुसऱ्या हंगामात मी ११० ग्रेन भरत होतो. रायफलीच्या पुस्तिकेतल्या कमाल मर्यादेच्या आतच होतं ते, पण मी ते निवडलं होतं केवळ आकडा मोठा म्हणून. जानेवारीतली दुपार, ओढ्यापलीकडे एक मादी उभी होती, शंभर यार्डांच्या किंचित पुढे. धूर निवळला तेव्हा ती पळताना दिसली. बर्फावर रक्ताचे थेंब होते, फार थोडे. त्या मागावर मी अंधार पडेपर्यंत चाललो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ओढ्याच्या पाण्यात माग संपला तो संपलाच. परत येताना मी जिथून बार टाकला होता तिथे बर्फात माझी चिंधी पडलेली दिसली. मधोमध मोठं भोक, कडा जळून कोळसा. हातात घेतली तर सुटी होऊन आली. गोळीला पीळ देणारी ती चिंधी नळीतच जळून गेली होती. गोळी धड फिरलीच नव्हती.

त्या दिवसापासून दारूचा प्रश्न माझ्यासाठी जोराचा राहिला नाही. गोळी कुठे जाते याचा झाला.

म्हणून दारू निवडायची ती निशाणाच्या कागदावर, जंगलात नव्हे. पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवा. कागद ५० यार्डांवर लावा. कॅलिबरच्या आकड्याएवढ्या ग्रेनपासून सुरुवात करा, पन्नास कॅलिबरला ५० ग्रेन. पाच गोळ्या झाडा, प्रत्येक गोळीनंतर ओलसर कापडाने नळी पुसा, म्हणजे प्रत्येक बाराला नळी सारखीच मिळेल. मग ५ ग्रेन वाढवा, नवा कागद, पुन्हा पाच गोळ्या. असंच वर जात राहा, पण रायफल बनवणाऱ्याने पुस्तिकेत दिलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नका. त्या आकड्यापुढे कुणाचाही सल्ला चालत नाही, माझाही नाही. जुनी, हातातून हातात आलेली रायफल असेल आणि पुस्तिका नसेल, तर आधी जाणत्या कारागिराकडून ती तपासून घ्या.

कागद शेजारी शेजारी मांडले की गंमत दिसते. भोकांचा पुंजका आधी पसरट असतो, दारू वाढेल तसा आवळत जातो, एका ठिकाणी अगदी घट्ट होतो, मग पुन्हा विस्कटतो. कधी कधी दोन ठिकाणी घट्ट होतो, एकदा कमी दारूवर आणि एकदा जास्तीवर. कमीवरचा सरावासाठी ठेवा, जास्तीवरचा शिकारीसाठी. माझ्या रायफलीला ७५ ग्रेन थ्री-एफ आवडते. शेजाऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या रायफलीला कदाचित ८५ आवडेल. दोन नळ्यांची आवड सारखी नसते, ही अंधश्रद्धा नाही. पिळाचा फेर, खाचांची खोली, चिंधीची जाडी, सगळ्याचा हा परिणाम आहे. पीळ सैल असेल, म्हणजे गोळीला एक पूर्ण फेरा घ्यायला ६६ किंवा ७० इंच लागत असतील, तर ती नळी सहसा थोडी जास्त दारू मागते. ४८ इंचांत एक फेरा असेल, जसा कारखान्यात बनलेल्या कित्येक हॉकन नमुन्याच्या (आखूड, जाड नळीच्या) रायफलींत असतो, तर ती गोल गोळीसाठी कमी दारूवर समाधानी असते आणि जास्त झाली की लगेच विस्कटते.

प्रत्येक पुंजक्यानंतर उठून चिंध्या गोळा करा. नळीपासून दहा-वीस फुटांवर त्या पडलेल्या सापडतात. जेवढं त्या सांगतात तेवढं कुठलंही पुस्तक सांगत नाही. चांगली चिंधी अशी दिसते: मध्यभागी गोळीच्या आकाराचा काळा गोल, कडा थोड्या फिसकारलेल्या, बाकी कापड शाबूत, जवळजवळ पुन्हा वापरता येईल इतकं. मध्ये जळून भोक पडलं असेल तर दारू जास्त, चिंधी पातळ किंवा तेल कमी. वर्तुळावर सुरीने कापल्यासारख्या चिरा असतील तर नळीचे काठ धारदार आहेत, दारूचा दोष नाही. दारू कमी करण्याआधी चिंधी बदलून बघा: गादीच्या खोळीचं घट्ट विणीचं सुती कापड घ्या, ०.०१५ इंचाऐवजी ०.०१८ जाडीचं. आणखी एक जुना उपाय इथले म्हातारे शिकारी सांगतात आणि तो खरंच चालतो. गांधीलमाश्यांच्या सोडून दिलेल्या पोळ्याचा कागदासारखा पापुद्रा चुरगळून दारू आणि चिंधीच्या मध्ये घालायचा. तो सहजी पेट घेत नाही आणि चिंधीला आगीपासून वाचवतो. घरच्या जुन्या गोधडीच्या कापडाच्याही चिंध्या मी करून पाहिल्या होत्या. धुऊन धुऊन वीण विरली होती, त्या टिकल्या नाहीत.

जुन्या माणसांकडे ना वेग मोजायचं यंत्र होतं ना सूत्र. तरी ते दारू ठरवत असतच. एक रीत अशी की गोळी तळहातावर ठेवायची आणि ती झाकेपर्यंत वरून दारू ओतायची. तळहात ताणून सपाट केला की दारू जास्त लागते, खोलगट केला की कमी, म्हणून हे माप ढोबळच. दुसरी रीत, बर्फ पडला की त्यावरून बार टाकायचा आणि न जळलेले काळे दाणे बर्फावर दिसेपर्यंत दारू वाढवत न्यायची, मग थोडी कमी करायची. यात डेव्हनपोर्ट सूत्रामागचाच विचार आहे, गणित न करता केलेला. पण काळी काजळी आणि न जळलेला दाणा यांत फरक ओळखणं सोपं नाही, त्यामुळे मी या रीतीवर भरवसा ठेवत नाही. तिसरी रीत आवाजाची: बार धप्प न वाजता कडक वाजायला लागला की पुरे. ज्यांचा कान तयार आहे त्यांनी ती वापरावी.

मोठं जनावर मारायचं असेल तर दारू वाढवू नका, गोळी वाढवा. हे वाक्य मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं. गोल गोळीचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं. पंचेचाळीस कॅलिबरची गोळी साधारण १२८ ग्रेन, पन्नासची १७७, चोपन्नची २२४, अठ्ठावन्नची २७९. पन्नासवरून चोपन्नवर गेलं की व्यासात फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण वजन सव्वापट होतं. आणि जड गोळी वेग टिकवून ठेवते, दूरवर जास्त खोल जाते. १८२० च्या दशकापासून मिसुरी राज्यात सेंट लुईस इथे जेकब आणि सॅम्युअल हे हॉकन बंधू पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी रायफली बनवायचे. तिथे एल्क (म्हणजे आकाराने फार मोठी हरणं) होते, बायसन होते, अस्वलं होती. त्यांनी पूर्वेकडच्या रायफलींपेक्षा नळी आखूड आणि जाड केली आणि भोक मोठं ठेवलं, बरेचदा पन्नासच्या वर. कोलोरॅडोत आजही ठासणीच्या हंगामात एल्कसाठी किमान पन्नास कॅलिबर लागतं. हरणासाठी माझी शिफारस ढोबळमानाने अशी: पंचेचाळीसला ६० ते ७५ ग्रेन, पन्नासला ७० ते ९०, चोपन्नला ८० ते १००. या पट्ट्यांत कुठे थांबायचं ते तुमचा कागद सांगेल, आणि पुस्तिकेची मर्यादा याहून खाली असेल तर तीच खरी.

अंतराचं काय? हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण आठ इंचांचं क्षेत्र असतं, मधल्या आकाराच्या ताटलीएवढं. टेबलावरून नव्हे, तर उभं राहून, गार हातांनी, धापा टाकत असताना मी किती अंतरावरून दर वेळी त्या ताटलीत गोळी घालू शकतो? तेवढंच माझं अंतर. माझं ते सत्तर यार्ड आहे. बार ७५ ग्रेनचा असो की ११० चा, ते सत्तरच राहतं, कारण ते माझ्या हातांनी ठरतं, दारूने नाही. पुढचं सगळं अंतर मी पायांनी कापतो.

काही गोष्टींत मात्र चुकायला जागाच नाही. नळीत फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठी मुद्दाम बनवलेला पर्याय. आधुनिक धूरविरहित दारू चमचाभरही नाही, मिसळूनही नाही. पारंपरिक रायफलीची नळी फुटते आणि बोटं, डोळे जातात. दुसरं, गोळी दारूवर घट्ट टेकलेलीच हवी. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. भरल्यावर गजावर नळीच्या तोंडाशी एक खूण करून ठेवा, दर वेळी ती खूण तिथेच आली पाहिजे. तिसरं, शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत दारू कधी ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असेल तर हातातलं अख्खं शिंग उडेल. आधी मापात, मग मापातून नळीत. आणि पर्यायी दारू वापरत असाल तर तिचे नियम वेगळे. पायरोडेक्स आकारमानाने मोजतात, वजनाने कधीच नाही. ट्रिपल सेव्हन जास्त तेज आहे, ती आकारमानाने पंधरा टक्के कमी घ्यावी लागते. चकमकीच्या बंदुकीत या दोन्ही नीट पेटत नाहीत, म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या हंगामात मी खरी काळी दारूच वापरतो.

हंगामातली एक गोष्ट टेबलावर कळत नाही. टेबलावरची पाचवी गोळी आणि जंगलातली पहिली गोळी सारखी नसते. जंगलातली गोळी गार, स्वच्छ, तेल पुसलेल्या नळीतून जाते, आणि ती एकच असते. म्हणून बार ठरला की दहा वेगवेगळ्या दिवशी सकाळी एकेकच गोळी झाडा, एकाच कागदावर. त्या दहा भोकांचा पुंजका हा तुमचा खरा पुंजका. माझा टेबलावरच्या पुंजक्यापेक्षा दीड इंच वर आणि थोडा डावीकडे निघाला. नळीत तेलाचा अंश राहिला होता. आता निघण्याआधी मी नळी स्पिरिटच्या कापडाने कोरडी करतो.

आणि हवेतला ओलावा. सोरा फारसा पाणी धरत नाही, पण जळून उरलेली राख लगेच ओल खाते. पावसाळी दिवशी रंजक तासाभरात चिखल होते. कानाच्या बाजूने चामड्याचं झाकण बांधायचं, गायीच्या गुडघ्याच्या कातड्यापासून बनवत म्हणून त्याला इथे काउज नी म्हणतात. रंजक दर अर्ध्या तासाने काढून टाकायची, रंजकीचं पात्र (कानाबाहेरची छोटी वाटी) कोरडं पुसायचं, नवी घालायची, आणि पात्र गच्च भरायचं नाही. कान रंजकीखाली बुडाला तर ती वातीसारखी जळत आत जाते आणि बार उशिरा उडतो. अर्धं पात्र, कान मोकळा, म्हणजे आगीची झळ थेट आत शिरते. पंच्याहत्तर ग्रेनचा उत्तम बार आत असला तरी चिमूटभर रंजक ओली असेल तर तो तिथेच पडून राहतो.

गेल्या उन्हाळ्यात मी हरणाच्या गळून पडलेल्या शिंगाचं एक टोक कापून माझं माप बनवलं. आतून थोडं थोडं कोरत गेलो, पितळी मापाने मोजलेली ७५ ग्रेन दारू त्यात सपाट भरेपर्यंत. त्यावर आकडा नाही, खूण नाही, सरकवायचा दांडा नाही. त्यात ७५ मावतात आणि वर एक दाणाही राहत नाही. शिंगाच्या पट्ट्याला ते बांधून टाकलंय. थंडीत बोटं बधिर झालेली असतात आणि समोर हरीण उभं असतं, तेव्हा जास्त भरावं का हा विचार करायला ते माप मला जागाच ठेवत नाही.